क्लेगबुवांनी भिजवलेला फळा

एफ्राइम क्लेगची हयात सूतगिरणीत यंत्रांना तेल घालण्यात गेली. पण त्याला विचाराल तर तो जन्मला होता बेसी हॅवर्थच्या पबमधला डार्ट्सचा फळा सांभाळायला. एल्मच्या ओंडक्याची चकती ती. वाळली की तडकायची, म्हणून खेळ संपला की बादलीत बुडवून ठेवायची. काम एवढंच. त्यावर त्याने मोठेपणाचा इमला चढवला होता.

नवा माणूस दिसला की पोथी सुरू. पावसात अडकलेल्या तिरंदाजांनी तुटके बाण ओंडक्याच्या तोंडावर फेकले; वाळल्या लाकडाच्या भेगांनीच फळ्यावर गुणांची घरं पाडली; आणि त्या तिरंदाजांत एक क्लेग होताच. दर खेपेला त्याचा हुद्दा वाढायचा.

“भेगांनी खेळ जन्माला घातला म्हणता, क्लेगबुवा,” बेसी ग्लास पुसत म्हणायची, “मग भेगा पडू नयेत म्हणून एवढी अंघोळ कशाला?”

“बेसीबाई, बिअर ओतायला अक्कल लागत नाही. याला लागते.”

मग बेसीने लंडनकडचा नवा फळा आणला. घायपाताच्या दाबलेल्या तंतूंचा, बाण उपटला की भोक आपोआप बुजायचं. जुना मागच्या खोलीत गेला.

“याला पाणी चालत नाही,” ती म्हणाली. “सुटलात तुम्ही.”

क्लेगला त्यातून एवढंच कळलं, की पाणी नको म्हणजे क्लेगही नको. “लंडनवाल्यांना काय कळतंय? झाडाचा आहे ना, मग तहान लागणारच.”

शनिवारी संध्याकाळी नदीपलीकडच्या पबशी सामना होता. सकाळी बेसी बाजारात गेल्यावर त्याने नवा फळा उतरवून बादलीत कोंबला. बाहेर काढला तेव्हा तो भिजवलेल्या पावासारखा फुगला होता. बहाद्दराने तसाच पुसून टांगला.

संध्याकाळी पाहुण्यांच्या कप्तानाने फेकलेला पहिलाच बाण आत रुतला तो निघेना. भिंतीवरून पाणी ओघळलं.

“खेळायला बोलावलंत की मासे धरायला?” कप्तान म्हणाला.

बेसीने क्लेगकडे पाहिलं.

“अजून मुरायला हवा होता,” तो म्हणाला. “तुम्हालाच घाई.”

कुणीतरी जुना फळा आणला. कोरडा पडून त्याची दोन शकलं झाली होती. शेवटी सामना पाहुण्यांच्या पबात खेळायचं ठरलं. कोट चढवून सगळे निघाले. क्लेगला कुणी चल म्हटलं नाही.

“तिकडचाही कोरडाच असणार,” तो रिकाम्या बाकांना म्हणाला, आणि कुणाचातरी उरलेला ग्लास त्याने पुढे ओढला.