पेटीतलं पिकलेलं फळ

माझ्यासारख्यानं कुणाविषयी लिहावं एवढा माझा अभ्यास नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण बीडच्या बसस्टँडजवळ तुम्ही कधी सीताफळं घेतली असतील, तर तिथल्या एका गाडेवाल्यांचा ओरडा नक्की खाल्ला असेल. "दाबू नको बे! बघून वळख."

मी त्यांना चाचा म्हणायचो. माझी खोली त्यांच्या गाड्यामागच्याच गल्लीत. संध्याकाळी उरलेलं एखादं फळ हातावर ठेवत ते विचारायचे, "आज काय शिकला, डाक्टर?" मी डॉक्टर नाही, बायोटेक्नॉलॉजी शिकतो, असं सांगायचो. ते ऐकायचे नाहीत.

मग त्यांच्या हाडांतल्या मगजानं, म्हणजे बोनमॅरोनं, रक्त बनवणंच सोडलं. दुसऱ्याच्या मूळपेशी घालाव्या लागतील, असं पुण्याचे डॉक्टर म्हणाले. जुळल्या त्या थोरल्या बहिणीच्या. साठी ओलांडलेल्या आपाच्या. आणि घरी परतल्यावर चाचा अडून बसले.

"पेटीत एक पिकलेलं ठेवलं की सगळी पिकतात. बुढीच्या पेशी घातल्या, तर महिन्यात मी बी बुढा व्हईन."

मला हसू आलं नाही. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. मी अडखळत सांगितलं, "चाचा, मूळपेशी रक्त बनवतात, अन् स्वतःसारखी नवी मूळपेशी बी. वय झालं तरी जीन्स तीच राहतात, पण कोणती चालू, कोणती बंद, हे बदलतं. म्हणून त्या मंदावतात. पण आपाच्या तपासून डॉक्टर हो म्हणालेत. अन् तुमची पेटी तर रिकामीच हाय. त्यात पिकायला उरलंय काय?"

दारातून आपा कडाडल्या, "मला सडकं फळ म्हणतो व्हय रे? कडेवर घेऊन हिंडले तुला, तवा दाबून बघितलं न्हाई मी!"

"पेशी देताना तुला काय झालं तर मंग?" चाचा खाली बघत म्हणाले.

"असं बोल की सरळ. मला काय व्हतंय? तू न्हाई राहिला तर भांडू कुणासंग?"

दोघं पुण्याला गेले. गाड्यावर ताडपत्री पडली. सीताफळांचा हंगाम दुसऱ्यांच्या गाड्यांवर आला आणि सरलाही. पुस्तकात मूळपेशींचा धडा निघाला की मी दोन ओळी वाचून थांबायचो.

परवा आपाचा फोन आला.

"रुजल्या रे पेशी. रक्त बनाया लागलं. डाक्टर म्हणतेत, आता त्याचा रक्तगट बी माझाच व्हणार."

"अन् चाचा कसे हायेत?"

"त्याला काय धाड भरली? शीर शोधणाऱ्या नर्सवर वरडतोय, 'दाबू नको बाई, बघून वळख!'"