झाडावरच्या मावशी

शाळेत तिला सगळेच मावशी म्हणत. हेडसर म्हणत, बाई म्हणत, पहिलीतली पोरं तर पहिल्याच दिवशी रडत रडत म्हणायला लागत. तिचा स्वतःचा मुलगा याच शाळेत चार वर्षं शिकला, आणि त्यालाही तीच सवय लागली. आता तो बस चालवत होता, त्याला एक मुलगी होती, तरी घरी आला की दारातूनच हाक मारायचा, "मावशी, चहा टाक," आणि मग जीभ चावायचा. तिने त्यावर रागावणं केव्हाच सोडून दिलं होतं.

सकाळी सहाला कुलूप काढायचं, सात खोल्या झाडायच्या, पाण्याची टाकी भरायची, तासातासाला घंटा द्यायची आणि शेवटी अंगण. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. अंगणात झाड एकच, पण ते दुमजली इमारतीला खेटून वाढलेलं. त्याची एक फांदी वरच्या मजल्यावर चौथीच्या खिडकीत डोकावत असे. थंडी पडायच्या आधी तीन आठवडे ते पानं गाळायचं, आणि त्या तीन आठवड्यांत मावशी आणि ते झाड एका घरात नांदणाऱ्या दोन जावांसारखे वागत. तिने एक कोपरा झाडून काढला की झाड नेमकी तिथेच मूठभर पानं टाकणार. "टाक बाई, अजून टाक," मावशी म्हणायची, "तुला कुठे वाकायचंय!"

त्या वर्षी मात्र वारं असं सुटलं की झाडाने तीन आठवड्यांचं काम चार दिवसांत उरकलं. मावशीने अकरा पोती भरली, ती शाळेमागच्या खड्ड्यात रिकामी केली आणि वर माती लोटली. अंगण चाटूनपुसून स्वच्छ झालं. कमरेवर हात ठेवून तिने ते दोनदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक आलं.

हेडसर परिपत्रक उभं राहून वाचणाऱ्यांतले होते. परिपत्रक होतं 'पानगळ सप्ताहा'चं, आणि त्यात एकोणीस कलमं होती. मुलांनी पानं मोजावीत, मापावीत, वहीत चिकटवावीत, त्यावर पाच ओळी लिहाव्यात. चौथं कलम असं होतं की प्रत्येक विद्यार्थ्याने पान झाडापासून सुटताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं आणि जे दिसेल तेच लिहावं. अकराव्या कलमानुसार बुधवारी तपासणीला अधिकारी येणार होत्या. हेडसरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. नुकतंच न्हाव्याच्या हाताखालून उठल्यासारखं झाड उभं होतं.

त्यांनी मावशीला बोलावून विचारलं, "मावशी, पानं कुठायत?"

"पुरली, सर."

हेडसर रागावले नाहीत. पानगळ होऊन गेली असं वर कळवून टाकावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण सोबतच्या तक्त्यात तशी सोयच नव्हती. पानगळ झाली का, होय किंवा नाही. 'होय' लिहिलं तर तारीख सप्ताहातलीच हवी, 'नाही' लिहिलं तर झाडाकडून झालेल्या विलंबाचा लेखी खुलासा. मग शिक्षकांची बैठक बसली आणि तासाभराने ठरलं की पानं उकरून काढायची, धुवायची आणि परत झाडाला लावायची. तिसरीच्या सरांनी डिंक सुचवला. चौथीच्या बाई म्हणाल्या, पान पडायचंय, चिकटून राहायचं नाही. त्यामुळे दोरा ठरला.

मावशीचा नवरा शिंपी होता. रविवारी तो दोऱ्याची रिळं घेऊन अंगणात बैठक मारून बसला. मावशी शिडीवर, तो खाली. एकेका देठाला दोरा बांधून तो वर द्यायचा, ती फांदीला गाठ मारायची, आणि गाठ बरोबर बसली का हे तो खालून पाहायचा. बसली नसली तर सोडून पुन्हा मारायला लावायचा. चौतीस वर्षांत त्याने लावलेलं बटण कुणाच्या सदऱ्यावरून तुटलेलं नव्हतं.

"अहो, सैलच असू द्या," मावशी म्हणाली. "पडायचीयत ती."

"सैल बांधायला मला कुणी शिकवलंच नाही गं," तो म्हणाला, आणि खरंच त्याला ते जमेना.

संध्याकाळपर्यंत चारशे बारा पानं लागली.

बुधवारी अधिकारीबाई आल्या. त्र्याण्णव मुलं वह्या-पेन्सिली घेऊन झाडाभोवती रांगेत बसली. झाड लांबून बरं दिसत होतं, जवळून काही पानं उलटी दिसत होती. वारा आला. पानं सळसळली, काही जागच्या जागी गोल फिरली, पण पडलं एकही नाही. अर्धा तास गेला. मुलांनी इमानेइतबारे शून्य लिहिलं. तास गेला, मुलांनी त्याखाली दुसरं शून्य लिहिलं. अधिकारीबाईंनी हेडसरांना विचारलं की झाडाची तब्येत बरी आहे ना.

"थोडं लाजाळू आहे, मॅडम," हेडसर म्हणाले. "पाहुणे आले की असंच करतं."

बाईंनी ते लिहून घेतलं. शनिवारी परत येते, तोवर गळती सुरू झालेली असावी, असं सांगून त्या गेल्या.

आता दोरे कापणं आलं. पण सातव्या कलमाप्रमाणे मुलांसमोर शिडी वापरायला बंदी होती. हेडसरांनी एकोणीसच्या एकोणीस कलमं दोनदा वाचून काढली. झाडावर माणूस असू नये, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

गुरुवारी प्रार्थनेच्या आधी मावशीने पदर खोचला. वय छप्पन, गुडघे त्याहून मोठे. दोन शिक्षिकांनी खालून रेटा दिला, तिने वरून फांदी धरली, आणि तिघीही एकदाच्या सुटल्या. चौथीच्या खिडकीसमोर दोन फांद्यांच्या बेचक्यात ती बसली. कात्री पदराला बांधलेली, उरलेल्या पानांचं पोतं मांडीवर. हेडसरांनी रुमाल हलवला की एक पान, असं ठरलं होतं. घंटा हेडसरांनी स्वतःकडे घेतली. त्या दिवशी मधली सुट्टी अठरा मिनिटं लांबली, पण त्याबद्दल कुणाचीही तक्रार आली नाही.

मुलं मोजायला बसली. दुसरीतल्या एका मुलीने हात वर केला.

"सर, झाडावर मावशी आहेत."

"आपण पानं बघतोय," हेडसर म्हणाले.

मुलीने मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

एक वर्ग उठून दुसरा येईपर्यंत खाली उतरणं मावशीला परवडणारं नव्हतं, म्हणून ती वरच राहिली. खिडकी उघडी होती. आत चौथीच्या बाई अपूर्णांक शिकवत होत्या. सव्वीस वर्षं या शाळेत राहून मावशीने प्रत्येक धड्याची सुरुवात ऐकली होती, कारण तेव्हा ती घंटा देऊन पाणी भरायला निघायची, आणि प्रत्येक धड्याचा शेवट ऐकला होता, कारण तेव्हा ती पुढची घंटा द्यायला यायची. कुठलाही राजा गादीवर बसताना तिला ठाऊक होता आणि मरतानाही ठाऊक होता. मध्ये त्याने काय केलं हे विचारायला तिला कधी फुरसत झाली नव्हती. आज पहिल्यांदाच एक धडा सुरू झाला आणि तो संपेपर्यंत तिला कुठे जायचं नव्हतं.

बाई म्हणाल्या की तीन हे दोनापेक्षा मोठे, पण एक तृतीयांश हा एक द्वितीयांशापेक्षा लहान. मावशी दचकली. खाली हेडसर रुमाल हलवत होते. तिचं लक्ष नव्हतं. हेडसरांनी बराच वेळ रुमाल हलवला आणि शेवटी त्यानेच नाक पुसलं.

मग तिला फिनेलची बाटली आठवली. दोन मजल्यांना वाटली तर पुरते, मुतारीसाठी तिसरा वाटा काढला की तिन्हीकडे वास येत नाही. म्हणजे हेच ते! तिने पोत्यातलं एक पान घेऊन मधोमध फाडलं. दुसऱ्याचे तीन तुकडे केले आणि दोन्हींचा एकेक तुकडा शेजारी धरून पाहिला. अर्धं खरोखरच मोठं होतं. तुकडे तिने हातातून सोडून दिले आणि पुढचं पान घेतलं.

खाली मोठा घोळ झाला. तिसरीच्या वर्गाची मोजणी चालू होती आणि वरून अर्धीमुर्धी पानं येऊ लागली. तुकडा मोजायचा की नाही, यावर वर्गात दोन तट पडले. तिसरीच्या सरांनी पानाचे तुकडे मोजण्याची पद्धत पुढच्या वर्षी आहे असं सांगून पाहिलं, पण तुकडे काही थांबेनात. शेवटी मुलांनी ते जुळवून जुळवून पूर्ण पानं करायला घेतली. दोन अर्ध्यांचं एक, तीन तृतीयांशांचं एक. सुट्टी झाली तरी कुणी उठेना. तिसरीच्या वर्गाची बेरीज सदतीस पूर्णांक पाच षष्ठांश आली, आणि एकाही मुलाची चुकली नाही. चौथीच्या बाई खिडकीत येऊन हे पाहत होत्या. त्यांच्या वर्गात त्याच बेरजेला दरवर्षी आठवडा लागायचा.

शनिवारी अधिकारीबाई आल्या आणि त्यांनी वह्या मागवल्या. पहिल्या वहीत लिहिलं होतं, 'पानगळीत पानं पिवळी होतात. मग झाडावर मावशी येतात. त्या पानं टाकतात. काही पानं अर्धी असतात.' दुसऱ्या वहीतही तेच होतं. त्र्याण्णव वह्यांत त्र्याण्णव झाडं काढलेली आणि प्रत्येक झाडात नऊवारी का पाचवारी ते न कळणारी एक मावशी.  अधिकारीबाई उठून अंगणात गेल्या, झाडाखाली उभ्या राहिल्या आणि त्यांनी वर पाहिलं. मावशीने कात्रीसकट नमस्कार केला.

"तुम्ही इथे काय करताय?"

शिकलेल्या माणसाशी खोटं बोलणं मावशीच्या जिवावर यायचं.

"अपूर्णांक," ती म्हणाली.

अधिकारीबाईंनी हातातली वही मिटली. मग त्यांनी विचारलं की एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश मिळून किती. मावशीने पाच षष्ठांश सांगितलं. कसं, असं त्यांनी विचारल्यावर मावशीने एका पानाचे सहा तुकडे केले, त्यातले तीन एकीकडे, दोन दुसरीकडे, आणि पाच तुकडे एकेक करून बाईंच्या पसरलेल्या हातात टाकले. उरलेला एक तिने वरच ठेवून घेतला. बाईंनी ते पुन्हा करायला सांगितलं. तिसऱ्यांदा त्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी स्वतः तुकडे केले. हेडसर लांब उभे होते, त्यांना काही ऐकू आलं नाही. मावशीला ऐकू आलं.

"मला हे कधी कळलंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "पाठ केलं होतं."

अहवाल चांगला गेला. सप्ताह संपला, हेडसर झाडाखाली आले आणि आता उतरा म्हणाले. मावशी म्हणाली, "सर, सोमवारी बाई भागाकार घेणार आहेत. मंगळवारी उतरते." हेडसरांनी परिपत्रक चाळून पाहिलं. उतरण्याबद्दलही त्यात काही नव्हतं. मावशी खरी उतरली ती पुढच्या शुक्रवारी, दशांश चिन्हानंतर, आणि तेसुद्धा फिनेल संपलं म्हणून.

पुढच्या वर्षी परिपत्रक वेळेवर आलं आणि त्यात विसावं कलम होतं, की झाड असलेल्या प्रत्येक शाळेने सप्ताहात झाडावर एक जाणकार मावशी बसवावी. आसपासच्या शाळांचे हेडसर विचारायला आले की अशा मावशी कुठे मिळतात. झाडही त्या वर्षी शहाण्यासारखं वागलं आणि नेमक्या सप्ताहातच गळायला लागलं. पण तक्त्यात आता दोन रकाने होते, मावशीने टाकलेली पानं आणि आपोआप पडलेली पानं, त्यामुळे मावशीला चढावं लागलंच. तिच्या आजूबाजूने आपोआपची पानं भुरभुरत होती आणि ती त्यात आपली मिसळत होती. कुठली कोणाची हे पोरांनी खालून ओरडून विचारलं, तेव्हा तिने दोघांची मिळून बेरीज करा आणि अर्धी अर्धी लिहा, असं सांगितलं.

वर्षअखेरीला ती निवृत्त झाली. निरोपाला हेडसरांनी काय हवं ते मागा म्हटलं, तेव्हा तिने चौथीच्या वर्गात मागचा बाक मागितला, भूगोलापुरता. मंगळवारी आणि गुरुवारी घरचं आवरून ती येते, शेवटच्या बाकावर बसते आणि पुढच्या पोरांना उत्तरं सांगते. त्याबद्दल बाईंनी तिला दोनदा ताकीद दिली. तिसऱ्यांदा, परवाच्या गुरुवारी, त्यांनी तिला सरळ वर्गाबाहेर उभं केलं.

व्हरांड्यात मावशीच्या जागी आलेली नवी बाई फरशी पुसत होती. तिने पाय उचला म्हटलं, मावशीने एकेक करून उचलले. मग तिने फडकं पिळता पिळता विचारलं, काय केलंत म्हणून बाहेर काढलं.

"नकाशात नदी डोंगरावर चढवली," मावशी म्हणाली, "आणि शेजारच्यालाही तशीच काढायला सांगितली."

नव्या बाईने फडकं बादलीच्या काठावर टाकलं.

"म्हणजे चढत नाही?" तिने विचारलं.

मावशीने पुसलेल्या फरशीवर बैठक मारली, बादली ओढून घेतली, फडकं बुडवलं आणि ते उंच धरून पाणी कुठे जातं ते तिला दाखवायला सुरुवात केली.