चिमणीची शिंगं

नबीलाल शिकलगार पंधरा वर्षं कुवेतच्या गोदीत जहाजं रंगवत होते. दोरानं टांगलेल्या फळीवर उभं राहायचं, समोर जहाजाचं पोलादी पोट, आणि फोरमनची शिट्टी वाजेपर्यंत राखाडी रंगाचे हात मारत जायचं. एक जहाज संपलं की दुसरं हजर. १९७९ च्या ऑगस्टात ते कायमचे कोल्हापूरला परत आले, तेव्हा आमच्या गल्लीनं त्यांचा टेपरेकॉर्डर आणि दोन ब्लँकेटं बघून घेतली आणि आठवड्यात सगळे आपापल्या कामाला लागले.

काम नव्हतं ते एकट्या नबीलालचाचांना. पहाटे चारला उठायचे, दाढी करायचे, बूट घालून सोप्यात बसायचे. जायचं कुठंच नसायचं. बिबीजानचाची भाकरी थापायला बसल्या की हे घड्याळ बघायचे. मिसळ यायला उशीर झाला म्हणून हॉटेलवाल्याशी भांडले. एस.टी. वेळेवर सुटली नाही म्हणून कबनूरला मुलीकडं जायचं सोडून तरातरा घरी आले. त्या मुलीचं, मलिकाचं, लग्न त्यांनी फोटोतच बघितलं होतं.

मग त्यांनी ब्रश काढला. दारं रंगवली, खिडक्या रंगवल्या, पलंग, ट्रंक, मोरीचा पाइपसुद्धा. शेजारच्या बनाबाई माहेरी गेल्या होत्या, त्यांचंही दार रंगवून टाकलं. सगळं राखाडी. बनाबाई परत आल्या आणि स्वतःच्या घरावरून दोनदा पुढं गेल्या.

"आता या घरात रंगवायची मीच तेवढी ऱ्हायलीया," चाची म्हणाल्या. त्यांनी चाचांच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि तांब्या दिला. "गंगावेशीत जावा, दूध आणा. आन् लगीच माघारी येऊ नका."

गंगावेशीच्या कट्ट्यावर गवळी म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात. पिराजी गवळ्याची म्हैस पंढरपुरी होती. तलवारीसारखी लांब शिंगं, डोंगराएवढं अंग, आणि नाव चिमणी. चाचा तिच्यापुढं मनगट वर करून उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चिमणी काही पान्हा सोडीना.

"पावणं," पिराजी खालूनच म्हणाला, "घड्याळ बघून म्हस पान्हवत न्हाय. बसा की जरा. तुमच्यामुळं ती बिचकाय लागलीया."

चाचा रागानंच कट्ट्यावर बसले. बाकीची माणसं निवांत गप्पा मारत होती. थोड्या वेळानं चिमणीनं मान सैल सोडली आणि भांड्यात धार वाजली. धारोष्ण दुधाचा पेला पिऊन चाचा घरी आले, ते दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा गेले.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक निघते. त्याच्या चार दिवस आधी पिराजी फडक्यानं चिमणीच्या शिंगांना लाल रंग फासत होता. रंग शिंगावर कमी आणि कानात जास्त जात होता. चाचांना ते बघवेना.

"सरक," ते म्हणाले. "पंधरा वर्सं रंगच मारलाय मी."

पण जहाज मान हलवत नाही. चिमणीनं पहिल्याच हाताला असा झटका दिला की चाचांच्या पांढऱ्या टेरिलिनच्या शर्टावर खांद्यापासून पोटापर्यंत लाल पट्टा उमटला. सगळा कट्टा हसला. चाचाही हसले. परत आल्यापासून त्यांना हसताना गल्लीतल्या कुणीच बघितलं नव्हतं.

हळूहळू त्यांना कळलं, की म्हैस रवंथाला बसली, डोळे अर्धे मिटले, की तेवढा वेळ आपला. मग बोटभर रेघ ओढायची आणि तिनं मान हलवली की थांबायचं. थांबल्यावर काय करायचं हे त्यांना आधी कळत नसे. मग ते पिराजीशी बोलायला लागले, कधी नुसतेच चिमणीच्या पापण्या बघत बसले. दोन शिंगांना तीन दिवस लागले. लाल शिंगांवर त्यांनी पिवळ्या लाटा काढल्या, आणि लाटांवर एक बारकं पांढरं जहाज.

पाडव्याला चिमणी मिरवणुकीतून पळत गेली तेव्हा लोक जहाज बघायला तिच्यामागं पळाले.

पुढच्या वर्षी गवळ्यांची रांगच लागली. चाचांनी सांगितलं, दिवसाला एकच म्हैस, आणि तीही तिची मर्जी असली तर. एरवी ते वहीत म्हशी काढायचे. सुरुवातीच्या म्हशी गाढवासारख्या दिसायच्या. पिराजी म्हणायचा, "ह्ये गाढाव झ्याक जमलंय." वर्षभरात मात्र पिराजी नुसता कान बघून सांगायला लागला, ही कुणाची म्हैस.

त्याच सुमाराला कुवेतहून पत्र आलं. गोदीत माणसं कमी पडत होती. दोन वर्षांसाठी या, पगार वाढवून देऊ. चाचांनी पत्र दोनदा वाचलं आणि चाचींपुढं ठेवलं. चाचींनी सुपातल्या तांदळावरून नजर उचलली नाही. त्यांचा हात मात्र एकाच खड्यापाशी थांबला होता.

"न्हाय जात," चाचा म्हणाले. "पंधरा वर्सांत एका जहाजानं मला वळखलं न्हाय. चिमणी लांबनं बघून हंबरती."

"आन् मी?" चाचींनी विचारलं.

"तू हंबरत न्हाईस, पर वळखतीस," चाचा म्हणाले. चाचींनी सुपातले चार दाणे त्यांच्या अंगावर फेकले.

त्या पाडव्याला मलिका कबनूरहून मुलांना घेऊन आली आणि बिबीजानचाची पहिल्यांदाच म्हशींची मिरवणूक बघायला गंगावेशीत आल्या. चिमणी समोरून गेली. चाचींनी डोळे बारीक करून पाहिलं.

"डावं शिंग जरा वाकडं आलंय तुमचं," त्या म्हणाल्या.

"अगं, शिंग वाकडंच असतंय," चाचा म्हणाले, आणि नातवाला खांद्यावर घेऊन पुढच्या म्हशीकडं बोट दाखवायला लागले.