चौकाखालचा खांब

गावात सगळे त्यांना इंचपट्टी म्हणत. खाण चालू होती तेव्हा एकतीस वर्षं ते तिथल्या नकाशाघरात आरेखक होते. खाण बंद होऊन चोवीस वर्षं झाली, तरी नाव सुटलं नव्हतं. दारात सुतार आला की हे त्याच्या मापात दोन सूत चूक काढणार आणि सुतार मनातल्या मनात शिव्या घालत रंधा मारणार. बायको हयात असताना म्हणायची, या माणसाला स्वतःची सावलीसुद्धा काटकोनात पडलेली हवी.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड महिना ते परगावी बहिणीकडे होते. काल संध्याकाळी परतले. आज सकाळी पावणेआठला त्यांची मुलगी उभ्या उभ्या चहा पीत होती. ती नगरपालिकेत अभियंता. खाणीच्या मनोऱ्यावरचं लोखंडी चाक, ज्याच्यावरून दोर जायचा आणि माणसांचा पाळणा खाली उतरायचा, ते आज स्मारक म्हणून बसायचं होतं. खाणीच्या फाटकापाशी, एवढं त्यांना ठाऊक होतं. मुलगी म्हणाली, जागा बदलली. फाटकाकडे कुत्रंही फिरकत नाही, म्हणून स्मारक समितीनं वाचनालयाचा चौक धरला. चौथरा बांधूनही झाला.

"खाली पोकळ नाही ना, ते बघितलंस?"

"बघितलं की. चौकाखाली सबंध खांब आहे, वीस मीटर बाय वीस. तुमच्याच नकाशात, बाबा. आणि शाईत."

गावाखालचा सगळा कोळसा काढायला परवानगी नव्हती. मधेमधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे, म्हणजे वरची घरं उभी राहतात. नकाशाघराचा शिरस्ता असा की साखळी लावून मोजलेलं ते शाईनं काढायचं, कुणी तोंडी सांगितलेलं ते पेन्सिलीनं. मुलीनं हा शिरस्ता लहानपणी त्यांच्याच टेबलापाशी बसून ऐकला होता. म्हणून तिनं जमिनीत भोक पाडून तपासणी केली नव्हती. शाई बघून सही केली होती.

खाणीच्या शेवटच्या दोन वर्षांत व्यवस्थापनानं ते खांब चारी बाजूंनी कापून घेतले होते. साहेबांनी इंचपट्टींना सांगितलं, तपासणीसाठी जाणाऱ्या नकाशात खांब पूर्वीसारखेच दिसले पाहिजेत. त्यांनी तसे दाखवले. बाहेरच्या कुणालाही ते कधी बोलले नव्हते, बायकोलासुद्धा नाही.

"त्या खांबाचं जरा..." ते म्हणाले. तेवढ्यात तिचा फोन वाजला. क्रेन आली होती. शिरस्त्राण बगलेत मारून ती निघून गेली.

ते वीस मिनिटं खुर्चीतच बसून राहिले. मग काठी घेतली.

चौकाच्या अलीकडे सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदार पूर्वी खाणीत होता, खांब कापणाऱ्या टोळीत. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.

"वाचनालयाखालचा किती उरला होता?" इंचपट्टींनी विचारलं.

सायकलवाल्यानं आधी रस्त्याकडे पाहिलं. "बुंधा. इकडून चार पावलं, तिकडून चार."

"नक्की?"

"मी कापलाय तो, मला विचारता? इतकी वर्षं वरून बस जातेय. तुम्ही गप्प, आम्ही गप्प, खांबही गप्प. आता म्हातारपणी कशाला घसा साफ करताय?"

"बस पुढे जाते. चाक तिथंच राहणार आहे."

सायकलवाल्यानं ट्यूब पुसली. पोरीच्या नोकरीवर येईल, सही तिची आहे, हे त्यानं हळू आवाजात सांगितलं. इंचपट्टी म्हणाले, ते त्यांनाही कळतंय. नव्या गुडघ्यानं जमेल तेवढ्या भरभर ते चौकाकडे निघाले.

चौकात शे-दीडशे माणसं दोरीबाहेर उभी होती. क्रेननं आपले चार पाय पसरून फरशीवर रोवले होते. नऊ टनांचं चाक ट्रेलरवरून पुरुषभर उचललं गेलं होतं आणि सावकाश फिरत होतं. इंचपट्टी दोरीखालून वाकून आत शिरले. ठेकेदारानं त्यांना अडवलं. "आजोबा, फोटो मागाहून काढा." ते त्याला वळसा घालून मुलीपाशी पोचले.

"खाली उतरव. खांब नाहीये तिथं."

"बाबा, नकाशात..."

"नकाशा खोटा आहे. मी काढलाय."

तिनं वर चाकाकडे आणि मग क्रेनच्या पायांकडे पाहिलं. समितीचे अध्यक्ष हार सावरत जवळ आले आणि काय झालं म्हणून विचारू लागले. तिनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. चाक चौथऱ्यावर ठेवायचं नाही हे उघड होतं. पण चाकाच्या चौपट वजनाची क्रेनही त्याच फरशीवर उभी होती. ट्रेलर मात्र रस्त्याच्या पलीकडे होता.

"पोकळीची कड कुठं येते?" तिनं विचारलं.

"वाचनालयाच्या पायरीपासून अकरा मीटर. ट्रेलर बाहेर आहे."

तिनं हात वर केला, मग उलटा फिरवला. चाक आलं तसं मागे जाऊ लागलं. क्रेनच्या डाव्या पायाखाली फरशीतून कट् असा आवाज आला. क्रेनचालकानं तिच्याकडे पाहिलं. तिचा हात हलला नाही, म्हणून तोही थांबला नाही. चाक ट्रेलरवर टेकलं. पाय एकेक करून मिटले, क्रेन मागे सरत रस्त्यापार गेली. लोक कुरकुरत होते, कुणीतरी शिट्टी मारली.

मुलीनं जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला.

"असे किती आहेत?"

"नऊ."

"दाखवा. बोट ठेवा."

त्यांनी बोट ठेवलं. चौक. दवाखान्यामागची गल्ली. पाण्याची टाकी. ती प्रत्येक ठिकाणी फुली मारत गेली. टाकीच्या फुलीवर तिची पेन्सिल मोडली, तिनं ठेकेदाराच्या खिशातलं पेन काढून घेतलं. चौथं बोट शाळेच्या मागच्या इमारतीवर पडलं.

तिनं घड्याळ बघितलं. नऊ वाजून दहा. साडेनऊला प्रार्थना, साडेचारशे मुलं त्याच इमारतीसमोरच्या मैदानात. तिनं मुख्याध्यापिकांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग फोन तसाच कानाशी धरून ती शाळेच्या दिशेनं चालू लागली, आणि कोपऱ्यापासून पळू लागली.

इंचपट्टींचा हात नकाशावरच होता. ठेकेदार बाजूला आला. आता त्याच्या बोलण्यात मघाची मस्करी नव्हती.

"पाचवा कुठं, आजोबा?"