गजूभाऊची काकडी चालू आहे

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. आमच्या स्टील प्लांटच्या शॉपच्या मागे भंगाराचा ढीग आहे ना, तसंच असतं ते. जाताजाता रोज कोणीतरी एखादा बोल्ट फेकतो, आणि एक दिवस बघावं तर मागची भिंतच दिसेनाशी झालेली! आमच्या खलासी रूमचं तेच झालंय. खलासी म्हणजे आम्ही, क्रेनच्या हुकाला माल बांधणारे आणि खालून हात दाखवून क्रेनवाल्याला वर-खाली सांगणारे. रोज बारा वाजता डबे उघडतात, आणि डब्यांबरोबर किस्से. त्यातले अर्धे एकट्या गजूभाऊचे!

गजूभाऊ आमचा क्रेन ऑपरेटर. बावीस वर्षं झाली, वर केबिनमध्ये तो आणि खाली मी. राहायला प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये, मूळचा भंडाऱ्याकडचा. माणूस लाखात एक, पण भाजी खात नाही! आलू खातो, बेसन खातो, डाळ-भात खातो. बाकी जमिनीतून जे काही हिरवं वर येतं, त्याला त्याचा एकच शब्द आहे. "चारा!"

साहूजी आमचे फोरमन. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला पोहे होते. ज्या हाताने हा माणूस वीस टनांचा पोलादी रोल सूतभर इकडे-तिकडे न होऊ देता स्टँडवर बसवतो, तोच हात पोह्यांत चालू झाला. सांबार वेचून बाहेर! म्हणजे कोथिंबीर हो, आम्ही तिला सांबार म्हणतो. एक एक पान, एक एक काडी. पंधरा मिनिटांनी साहूजी विचारपूस करायला आले, तर ताटलीच्या कडेला हिरवागार ढीग.

साहूजी बघतच राहिले. म्हणाले, "गजू, इतना तो हमने डाला भी नहीं था!"

*

मागच्या हिवाळ्यात त्याची मेडिकल निघाली. क्रेनवाल्यांची ठरावीक काळाने होते, त्यात पास झालं तरच वर चढता येतं. डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "सब्जी में क्या-क्या लेते हैं?"

"आलू."

"और?"

"आलू का पराठा."

"हरी सब्जी कोई?"

गजूभाऊने बराच विचार केला. म्हणाला, "मिर्ची!"

मॅडम हसल्या नाहीत. शुगर वाढलेली, बीपी वाढलेलं, वजनाचं तर बोलायलाच नको. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "तीन महीने देती हूँ. हरी सब्जी खाइए, पैदल चलिए. नहीं सुधरा तो क्रेन से उतारना पड़ेगा."

हे त्याने येऊन सांगितलं तेव्हा मात्र रूममध्ये कोणीच हसलं नाही. तो बाकावर बसला, हेल्मेट मांडीवर घेतलं आणि मला म्हणाला, "मनोहर, नीचे मी करू काय बे? मले खालून काईच दिसत नाई."

मला फार वाईट वाटलं. बावीस वर्षं मी हात वर केला की वरून त्याचंच डोकं हलतं. दुसऱ्या कोणाला हात दाखवायचा, ही कल्पनाच मला सहन होईना.

साहूजी उठले. प्लांटमधला माणूस, दुःख झालं तरी आधी जॉब प्लॅन करतो! त्यांनी बोर्ड पुसला आणि लिहिलं: "जॉब: गजू. मटेरियल: सब्जी. टाइम: तीन महीने. जिम्मेदारी: मनोहर."

माझ्या स्वतःच्या डब्यात काय असतं ते कोणी विचारलं नाही. मीही सांगत बसलो नाही.

*

केबिनला चढायला उंच लोखंडी शिडी आहे. चहासाठी कोण उतरणार आणि कोण चढणार? म्हणून गजूभाऊ वरून दोरीला बांधलेला झोला खाली सोडतो, आम्ही त्यात चहाची बाटली ठेवतो, तो ओढून घेतो. ही आमची जुनी पद्धत.

पहिल्या दिवशी मी चहासोबत दोन गाजरं ठेवली. धुऊन, पुसून, रुमालात गुंडाळून. झोला वर गेला. पाच मिनिटांनी खाली आला. चहा संपलेला, गाजरं जशीच्या तशी, आणि त्यांना लाल टॅग बांधलेला! मशीन दुरुस्तीला असलं की जो लावतात ना, तोच. त्यावर छापलेलं: "खतरा! हाथ न लगाएँ."

दुसऱ्या दिवशी मी चहाच रोखला. झोल्यात एक काकडी चिरून ठेवली आणि चिठ्ठी लिहिली, "हे संपल्यावर चहा भेटते."

आता त्याने खाल्ली की खिडकीतून फेकली, हे खालून कळणार कसं? मग ठरलं, एक फोड खाल्ली की पायाने एकदा घंटी वाजवायची. क्रेनची घंटी म्हणजे मंदिरातली नव्हे, अख्ख्या शॉपला हलवते! क्रेन जागेवर उभी, हुक रिकामा, आणि वरून टण... बराच वेळ शांतता... टण... पुन्हा शांतता... टण!

सेफ्टीचे साहेब पळत आले. मी नेमका तेव्हा पिलर सातच्या मागे डबा झटकायला गेलो होतो, म्हणून उत्तर साहूजींना द्यावं लागलं.

"क्या हुआ? क्रेन में क्या इमर्जन्सी है?"

साहूजी खुर्चीतून न उठता म्हणाले, "कुछ नहीं सर. काकडी चालू है."

*

घरची आघाडी ललिता वहिनींकडे, म्हणजे गजूभाऊच्या बायकोकडे. त्यांनी आलूच्या पराठ्यात पालक मिसळायला सुरुवात केली. आधी चिमूटभर, मग मूठभर. आठ दिवस गजूभाऊने बोटं चाटत खाल्ले. वहिनींनी मला फोन करून सांगितलं, "भाऊजी, काम होऊन राहिलं बरं का! तुमी फक्त तोंड बंद ठेवजा!"

मी तोंड बंद ठेवलं. पण तो पडला क्रेनवाला. हुकाला बारीकशी चीर गेलेली त्याला लांबून दिसते. नवव्या दिवशी रूममध्ये त्याने पराठा उचलला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. इकडून पाहिला, तिकडून पाहिला, उलटा केला. स्टील ओतताना आत काही भलतंच अडकून राहिलं तर त्याला आम्ही इन्क्लुजन म्हणतो, आणि असा माल रिजेक्ट होतो.

"मनोहर," तो गंभीरपणे म्हणाला, "यात इन्क्लुजन आहे."

त्याने तिथूनच घरी फोन लावला. "ललिता, हे हिरवं कावून आहे?"

स्पीकरवर वहिनींचा आवाज आला. "आठ दिवसांचा माल पास करून राहिले तुमी! आज कावून रिजेक्ट करता?"

गजूभाऊने फोन ठेवला. पराठा खाल्ला गुपचूप. पण लपवाछपवी चालणार नाही, हे आम्हालाही कळून चुकलं.

*

मग साहूजींनी फर्मान काढलं, भाजी याने स्वतः घ्यायची. मी हुडको कॉलनीत राहतो, सेक्टर सहा माझ्या वाटेवर. शिफ्ट सुटल्यावर स्कूटरवर त्याला मागे बसवलं आणि मरोद्याच्या बाजारात नेलं. तिथे दुकलहीन नावाची बाई बसते, गावाकडून भाज्यांच्या जुड्या घेऊन येते. तिच्यासमोर पोत्यावर दहा-बारा प्रकारच्या भाज्या होत्या. लाल भाजी, चौलाई, मेथी, चना भाजी, तिवरा, शेवग्याचा पाला, त्याला इकडे मुनगा म्हणतात.

गजूभाऊने एक नजर टाकली आणि म्हणाला, "कोई भी दे दो बाई. सब घास ही तो है."

बाईने हातातली जुडी खाली ठेवली. "तैं का काम करथस बाबू?"

"क्रेन चलाता हूँ."

"तोर किरेन ला मैं सिरिफ लोहा कइहूं, त चलही का?"

क्रेनला नुसतं लोखंड म्हणणं म्हणजे... मी त्याच्याकडे बघायचं टाळलं, नाहीतर हसू फुटलं असतं.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "बताओ फिर."

तिने सांगितलं. ही आंबूस, ही डाळीत चांगली, ही कोवळी असेपर्यंतच. आणि शेवटी नियम घालून दिला, "एक हप्ता, एक भाजी. जादा नइ. पहिली आलू संग रांधबे. एक कौर खाबे. नइ भाइस, त दूसर दिन अउ एक कौर." आठवड्याला एकच भाजी, आधी आलूसोबत शिजवायची, एक घास खायचा, नाही आवडली तर दुसऱ्या दिवशी आणखी एक घास. डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं 'काय', या बाईने सांगितलं 'कसं'.

त्या दिवसापासून तो दर शनिवारी एकटाच जायला लागला. पहिल्या आठवड्यात एक घास, दुसऱ्यात अर्धी वाटी. आठवा शनिवार आला तेव्हा मलाच शिकवत होता, "मनोहर, तिवरा घेशील तर शेंडा पाहून घेजो. तुले काय समजते म्हना त्यातलं!"

*

लाल भाजीचा आठवडा सगळ्यांच्या लक्षात आहे. या भाजीला शिजताना लालभडक पाणी सुटतं, भातसुद्धा गुलाबी होतो. वहिनींनी डबा गच्च भरून दिला होता. त्याचं झाकण सैल होतं, आणि डबा झोल्यातून वर चालला होता. अर्ध्या वाटेत टप, टप, टप. शॉपच्या फरशीवर लाल थेंबांची ओळ!

तोवर डबा वर पोचला, गजूभाऊने खायलाही सुरुवात केली. आणि राउंडवर कोण? सेफ्टीचे साहेब!

त्यांनी थेंब पाहिले. वर पाहिलं. वर गजूभाऊ खिडकीतून वाकून विचारत होता, "काय झालं?" आणि त्याच्या हाताला, मनगटाला, हनुवटीला लाल!

"स्ट्रेचर!" साहेब ओरडले. "फर्स्ट एड! हिलना मत गजानन! हम आ रहे हैं!"

"सर, भाजी है!" साहूजी मागून ओरडले.

"किसको बजी? कहाँ लगी?"

शेवटी मी थेंबात बोट बुडवून चाखून दाखवलं, तेव्हा कुठे ते थांबले. रुमालाने कपाळ पुसत म्हणाले, "ये आदमी खाना खाता है कि एक्सीडेंट करता है?"

पण नियम म्हणजे नियम. थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या रजिस्टरमध्ये नोंद झालीच. 'कारण' या रकान्यात अजून वाचायला मिळतं: "लाल भाजी, ढक्कन ढीला."

*

तीन महिने संपले. पुन्हा रक्त दिलं, बीपी मोजलं. रिपोर्ट यायला दोन दिवस होते, आणि तोवर त्याला वर चढायची परवानगी नव्हती. क्रेनवर दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर आला. चांगला माणूस, हातही चांगला. पण मी खालून हात केला की वरून जरा थांबून क्रेन हलायची. गजूभाऊची क्रेन मी हात उचलायच्या आधीच निघायची.

तो माझ्या बाजूलाच उभा होता. मान वर करून. हात पँटच्या खिशात, पण खिशात बोटं हलत होती, लिव्हर धरल्यासारखी. डब्यात मुनग्याची भाजी होती, ती सगळी खाल्ली. मग म्हणाला, "आता तर आवडून राहिली बे. आता जर का उतरवलं ना..." आणि रिकामा डबा बंद केला.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. मी सोबत गेलो. त्यांनी कागद उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "क्या-क्या खाया?"

गजूभाऊ ताठ उभा राहिला आणि हजेरी घेतल्यासारखा सुरू झाला. "लाल भाजी, चौलाई, मेथी, चना भाजी, तिवरा, मुनगा, पालक, बोहार..."

"बस, बस!" मॅडम पहिल्यांदा हसल्या. "आधे नाम तो मुझे भी नहीं पता." आणि शिक्का मारला. फिट!

बाहेर येऊन त्याने मला मिठी मारली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. दोघांचीही हेल्मेटं एकमेकांवर आपटली.

*

आणि आता दुसऱ्या दिवसाचं सांगतो.

सकाळची शिफ्ट. गजूभाऊ शिडी चढून वर गेला, काच पुसली, सीटवर बसला. अख्खी गँग खाली उभी राहून टाळ्या वाजवत होती. पहिला रोल उचलायचा होता. मी ऐटीत हात वर केला.

क्रेन हलली नाही.

मी पुन्हा हात केला. काही नाही! मला वाटलं, बिघाड झाला. तेवढ्यात केबिनच्या खिडकीतून झोला निघाला आणि हळूहळू खाली येत बरोबर माझ्या नाकासमोर थांबला. सूतभर इकडे नाही, तिकडे नाही.

आत एक डबा होता, ललिता वहिनींचा. उघडला. गच्च भरलेली कारल्याची भाजी! आणि डब्याला लाल टॅग बांधलेला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला गजूभाऊच्या अक्षरात दोन ओळी होत्या.

"पिलर नंबर सात. मागचा ड्रम. बावीस साल.
मनोहर, वरून सगळं दिसते."

मी वर पाहिलं. गजूभाऊ काचेमागे हाताची घडी घालून बसला होता. गँगमधला एक जण पिलर सातकडे चालत गेला, ड्रममध्ये वाकला, आणि नाक दाबून परत आला. म्हणाला, "सब सब्जी है!"

साहूजींनी स्वतःची खुर्ची माझ्यासाठी सरकवली.

क्रेन थांबलेली बघून सेफ्टीचे साहेब धावत आले. "अब क्या हुआ? अब क्या चालू है?"

"करेला, सर."

"फिर गजानन?"

साहूजींनी बोट माझ्याकडे केलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, हेल्मेट काढलं आणि माझ्यासमोर बाक ओढून बसले. मी डोळे मिटले आणि पहिली फोड तोंडात टाकली.

वरून आवाज आला. टण!