माहेरी कोणाला होतं का?

मुलगा चालायला लागला तसे त्याच्या पायांवर निळे डाग उठू लागले. शेजारणी म्हणायच्या, गोऱ्या पोराला डाग दिसतातच. मलाही तेच मानायचं होतं. मग एका सकाळी त्याचा गुडघा वांग्याएवढा सुजला. पडला-बिडला काही नव्हता. सासूबाई तेल कोमट करायला गेल्या, तेवढ्यात अकोटहून आईचा फोन आला. "चोळू नोको, शेकू बी नोको," गुडघ्याचं ऐकताच ती ओरडलीच, आणि मिळेल त्या एसटीने निघाली.

ती पोचताच नांदगाव पेठेहून आम्ही त्याला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं, मोठ्या मुलीलाही सोबत घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिमोफिलिया दिसतोय, रक्त गोठवणारा घटक कमी असतो. किती कमी, यावर सगळं. थोडाच कमी असेल, तर पोरगा खेळेल-बागडेल, फक्त दात काढताना किंवा ऑपरेशनच्या वेळी जपायचं. जवळजवळ नसेलच, तर काही न लागताही सांध्यांत रक्त साचत राहणार. रक्त तपासायला दिलं. मग त्यांनी मला विचारलं, "माहेरी कोणाला होतं का? एका घरात हा आजार बहुधा सारख्याच जोराचा असतो."

"नाही," मी ठणकावून सांगितलं. माझा एकुलता भाऊ माझ्या जन्माआधीच तापाने गेला होता. सख्खा मामा नाही म्हणून मुलाचं जावळही माझ्या चुलतभावाच्या मांडीवर काढलं होतं.

बाहेर बाकावर बसल्यावर आईने पदर तोंडाशी धरला. "तापानं नाई गेला तो. त्याचे गुडघे असेच सुजत. दुधाचा दात पडला अन् रक्त थांबलंच नाई. अकोल्याले नेता नेता गेला."

"मले काहून नाई सांगतलं?"

"मंग तुही सोयरीक झाली असती का? ज्या घरातलं पोरगं असं जाते, त्या घरची पोरगी कोनी करत नाई."

मला तिचा भयंकर राग आला. कीवही आली, पण आधी राग. मांडीवर मुलगा कण्हत होता, पायाला हात लावू देत नव्हता. त्याचा आजार कोणत्या जोराचा, हे मला तिथेच कळून चुकलं. तरी निकाल येईपर्यंत मी देवाला हात जोडत राहिले.

निकाल आला. घटक जवळजवळ नव्हताच. इंजेक्शनं आता कायमची, असं सांगून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोठ्या मुलीचंही रक्त तपासू या. मुलींनाही कधी कधी त्रास होतो. आणि पुढे तिच्या मुलांसाठी ठाऊक असलेलं बरं."

आईने माझं मनगट घट्ट धरलं. "पोरीचं राहू दे व. उद्या तिले पाहाले पाहुने येतीन, त काय सांगशीन?"

मुलगी दाराशी वेणीचं टोक चावत उभी होती. "हेच सांगीन," मी म्हणाले. तिला जवळ घेतलं आणि तिच्या फ्रॉकची बाही वर सरकवली.