सासूबाई नको म्हणतात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते. मध्येच अडखळले तर जरा थांबा. ही गोष्ट तोंडात घोळवायची सवय आहे, बाहेर काढायची नाही.

माझे वडील अमळनेरकडून सुरतेत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आले, आणि मी तिथेच भेस्तानला वाढले. शिकले, एमबीए झाले आणि कडोदऱ्याजवळच्या एका साड्या छापणाऱ्या मिलमध्ये फायनान्स मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत पोहोचले. काचेची केबिन होती. सकाळी सोसायटीच्या फाटकाशी मिलची गाडी यायची आणि शेजारपाजारच्या बायका गॅलरीतून बघायच्या. मला ते आवडायचं — का नाही आवडणार?

हेतल मिलमध्ये माझ्यासोबत आठ वर्षं होती. तिने नोकरी सोडली आणि सुरतेतच पर्वत पाटिया भागात दोन खोल्यांचं ऑफिस घेतलं. छोट्या लूमवाल्यांना सल्ला द्यायचं काम. नवं मशीन कधी घ्यावं, कधी मुळीच घेऊ नये, बँकेच्या कागदावर सही करण्याआधी काय वाचावं. मला म्हणाली, ये, अर्धी भागीदारी तुझी. आणि मला जायचं होतं. खरंच होतं. वडिलांचे पहिले शेठ न वाचता केलेल्या एका सहीने बुडाले होते; त्यांचे लूम भंगारात जाताना मी पाहिलेत. मिलमध्ये माझी सगळी अक्कल मालकांना रुचेल असा रिपोर्ट बनवण्यात जात होती.

मग अडलं कुठे?

मी घरी विचारलं. नवरा म्हणाला, तुझं मन म्हणेल ते कर. सासूबाई — सुमनबाई — मेथी निवडत होत्या. आयुष्यभर त्यांनी घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापले, एका साडीमागे काही पैसे या दराने. माझं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. कामाच्या वेळा विचारल्या. मग म्हणाल्या, "जाय तू. पोरले मी संभाळसू."

झालं. दार सताड उघडं. आणि मीच घाबरले. कारण — हे मला तेव्हाच कळलं — कुणीतरी नाही म्हणेल यावर मी विसंबून होते.

दुसऱ्या दिवशी हेतलचा फोन आला. मी म्हणाले, "सासूबाई नको म्हणतात."

तिने पुढे काही विचारलं नाही. कोण विचारतं? सासू म्हटलं की समोरचा मान हलवतो. गुजराती असो, मराठी असो, सगळ्यांना आधीच सगळं माहीत असतं. इतकं सोपं खोटं मी जन्मात बोलले नव्हते.

एकदाच बोलून थांबले असते तर — पण नाही. मिलमधल्या मैत्रिणींना तेच सांगितलं. नणंदेने विचारलं, तिलाही आडून आडून तसंच सुचवलं. सोसायटीतल्या एकीला जिन्यात सांगितलं. वर एक सुस्काराही टाकला. लोक मला बिचारी म्हणायचे. केबिनही राहिली आणि बिचारेपणही मिळालं. दोन्ही हातांत लाडू.

आणि सासूबाई? त्या दर मंगळवारी खालच्या मजल्यावर भजनाला जायच्या. एका मंगळवारी लवकर परत आल्या. पुढच्या मंगळवारी गेल्याच नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. नवऱ्याने तेल आणून दिलं. मला मात्र जिन्यातल्या बाईने आधीच सांगितलं होतं — आम्ही बायकांनी त्यांना समजावलं गं, शिकलेल्या सुनेला असं बांधून ठेवू नका म्हणून. केवढ्या अभिमानाने सांगत होती ती. मी काय केलं? थँक्यू म्हणाले.

त्यांचे गुडघे दुखत नव्हते. मला माहीत होतं. अडीच वर्षं माहीत होतं.

मग एका रविवारी हेतल घरी आली. काम तिला एकटीला झेपत नव्हतं. चहा झाल्यावर ती सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि हिंदीत विनवू लागली, की बा, आता तरी हिला अडवू नका, मी हिला सांभाळून घेईन. 

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मूल पडतंय का सावरतंय ते पाहावं, तसं. तेव्हा बोलायला मला पुरेसा वेळ होता. एवढंच म्हणायचं होतं — हेतल, यांनी कधीच अडवलं नाही. मी कपाच्या तळाशी उरलेल्या सायीकडे बघत राहिले.

"हाँ बेन," त्या म्हणाल्या, "मैंनेच रोका था. अब नहीं रोकूँगी."

हेतल गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. त्या कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आते तरी जाशी ना?"

सोमवारी मी राजीनामा दिला. पुढे करायला आता कुणाचं नाव उरलं नव्हतं.

पहिले काही महिने ओढाताणीचे गेले. पण ज्या भीतीपायी हे सगळं केलं — मिलचं नाव गेलं की मला कोण विचारणार — ती पोकळ निघाली. लोक विचारतात. परवा एक लूमवाला बँकेच्या कर्जाचा भरलेला फॉर्म घेऊन आला, आम्ही दोघांनी तो ओळ न् ओळ वाचला, आणि तो सही न करता उठला. जाताना हसत होता. त्या दिवशी रिक्षात बसल्यावर जाणवलं, की खांदे कितीतरी दिवसांनी सैल झालेत. रात्री मला गाढ झोप लागते आता.

पण आमच्या ऑफिसात अजून ती गोष्ट सांगितली जाते — हिची सासू किती कडक होती आणि शेवटी कशी विरघळली. हेतल रंगवून सांगते. मी तिथेच असते. आजपर्यंत मीही हसत आले आहे.

म्हणून आता नीट सांगते. सुमनबाईंनी मला एक दिवसही अडवलं नाही. मी घाबरले होते आणि माझी भीती मी त्यांच्या नावावर खपवली. त्यांच्या मैत्रिणी त्यांच्यापासून मी तोडल्या. त्यांना हे ठाऊक होतं आणि त्या गप्प राहिल्या. मलाही ठाऊक होतं, आणि मीही गप्प राहिले. दोघींचं गप्प बसणं एकसारखं नव्हतं.